मचाणावरचा तिरंदाज

रांचीस बदली होऊन आम्हांस दीड वर्ष झाले होते. कचेरीतील एका सहकाऱ्याने धानकापणीच्या दिवसांत आपल्या गावी येण्याचा आग्रह केला आणि परमुलखात शनिवार-रविवार कसा काढावा या विवंचनेत असणाऱ्या कोणत्याही मराठी कारकुनाप्रमाणे आम्ही तो तत्काळ मान्य केला. शेताच्या कडेस एका जुन्या मोहाच्या झाडावर हत्तींच्या पाळतीसाठी मचाण बांधलेले होते. आपल्याकडे पीक राखण्यासाठी शेतात जो माळा घालतात, त्याचेच हे उंच भावंड. सहकाऱ्याचे चुलते सत्तरीच्या पलीकडचे. त्यांनी घरातले बांबूचे धनुष्य आणि बोथट टोकांचे पाच बाण आमच्या हाती दिले व पंधरा पावलांवरचा पेंढ्याचा भारा दाखविला. आम्ही जमिनीवर उभे राहून पाचांपैकी तीन बाण त्या भाऱ्यास लावले. या यशाने फुशारून जाऊन आम्ही मचाणावर चढलो. भारा तोच, धनुष्य तेच, मारणाराही तोच. परंतु पाचही बाण भाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडच्या बांधात गेले. म्हातारबुवा खालून शांतपणे म्हणाले, “बाबू, हाथ मत झुकाइए. कमर झुकाइए.”

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. बदलीच्या गावी माणसास दोन गोष्टी मुबलक मिळतात, एक फावला वेळ आणि दुसरी ग्रंथालयातील रिकामी खुर्ची. त्या दोहोंच्या आधारे आम्ही धनुर्विद्येवरील जुनीनवी पुस्तके चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या वृद्ध शेतकऱ्याने चार शब्दांत जे सांगितले, ते या विद्येच्या पुष्कळ नामांकित ग्रंथांत सापडत नाही. याचे कारण तो विषय क्षुल्लक आहे हे नव्हे. ते ग्रंथ ज्यांनी लिहिले ते सपाट हिरवळीवर उभे राहून लिहिणारे होते, आणि हिरवळीवर राहणाऱ्यास झाडाची अडचण ठाऊक नसते.

इंग्रजी भाषेतील धनुर्विद्येचा पहिला मोठा ग्रंथ रॉजर अ‍ॅस्कम याचा ‘टॉक्सोफिलस’. तो १५४५ साली प्रसिद्ध झाला आणि आठव्या हेन्रीस अर्पण करण्यात आला. अ‍ॅस्कम हा केंब्रिजचा ग्रीक भाषेचा पंडित. पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. त्याने शरसंधानाची पाच अंगे सांगितली : उभे राहणे, बाण दोरीस लावणे, खेचणे, धरून ठेवणे आणि सोडणे. आजही जगभर नवशिक्यास जे शिकविले जाते त्याचा पाया या पाच अंगांतच आहे. परंतु या पाचांतील पहिले अंग, म्हणजे उभे राहणे, हे अ‍ॅस्कमच्या मनात सदैव सपाट भूमीवरचे आहे. त्याचा तिरंदाज वाऱ्याची चिंता करतो, पिसांची करतो. पायाखालच्या फांदीची चिंता त्यास पडत नाही.

पुढची तीन शतके इंग्लंडात धनुष्य युद्धातून निवृत्त होऊन बागेत आले. तेथे त्याचे जे शास्त्र झाले त्याचा मुकुटमणी होरेस फोर्ड. १८४९ ते १८५९ अशी सलग अकरा वर्षे त्याने राष्ट्रीय विजेतेपद आपल्याकडे ठेवले, आणि १८५६ साली आपल्या पद्धतीवर पुस्तकही लिहिले. फोर्डच्या आधीचे अनेक तिरंदाज दोरी कानापर्यंत खेचीत. फोर्डने सांगितले की असे केल्याने बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बाजूस राहतो. तो डोळ्याच्या बरोबर खाली आला पाहिजे, आणि दोरीचा हात प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या त्याच ठिकाणी टेकला पाहिजे. या ठिकाणास आपण ‘टेक’ म्हणू. ही टेक म्हणजे बंदुकीच्या मागच्या माशीसारखी. ती केसभर हलली तर पुढचे सर्व गणित बिघडते. आमच्या मचाणावरील फजितीचे मूळ या टेकेत आहे. परंतु त्याकडे मागाहून वळू.

आपल्याकडे काय होते, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. वसिष्ठांच्या नावावर चालत आलेल्या धनुर्वेदसंहितेत उभे राहण्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. आलीढात एक गुडघा वाकतो व दुसरा पाय ताणला जातो, प्रत्यालीढात तेच पाय उलटे होतात, आणि समपादात दोन्ही पाय जुळलेले असतात. वेरूळच्या कैलासात त्रिपुरांतक शिव रथावर धनुष्य घेऊन उभा आहे, त्याचे पाय पाहावेत म्हणजे आलीढ हा केवळ कोशातला शब्द राहत नाही. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. या ग्रंथाने दोरी खेचण्याचे पाच प्रकार सांगून प्रत्येकाचा उपयोग वेगळा नेमून दिला आहे, आणि त्यांत ‘सात्त्विक’ नावाचा प्रकार अधोलक्ष्यासाठी, म्हणजे खाली असलेल्या लक्ष्यासाठी, राखून ठेवला आहे. हत्तीच्या पाठीवरून, रथातून किंवा तटावरून बाण टाकणाऱ्यांच्या परंपरेत ही जाणीव असणारच. आपल्या गडांच्या तटांतील जंग्याही खालच्या बाजूस उतरत्या कोरलेल्या असतात. आतल्या माणसाचे लक्ष्य कोठे असणार हे पाथरवटाला ठाऊक होते. सूत्रकाराने ‘अधोलक्ष्य’ हा शब्द वापरला, यावरून खाली मारणे हा एक स्वतंत्र प्रश्न आहे हे त्याने ओळखले होते एवढे निश्चित म्हणता येते. पुढे गुरुमुखाने जे सांगितले जाई ते पोथीत उतरले नाही. आपल्या पुष्कळ विद्यांचे असेच झाले आहे.

आता कालप्रवाह सोडून अमेरिकेत जावयास हवे. कारण झाडावर बसून पारंपरिक धनुष्याने शिकार करण्याचा छंद आज जेवढा तेथे रुजला आहे तेवढा अन्यत्र क्वचितच असेल, आणि त्या छंदाच्या मुळाशी एक अशी कहाणी आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

अमेरिकन यादवी युद्धानंतर मॉरिस थॉम्प्सन आणि विल थॉम्प्सन हे दोघे बंधू फ्लॉरिडाच्या दलदलीत धनुष्याने शिकार करीत हिंडले. मॉरिसने १८७८ साली ‘द विचरी ऑफ आर्चरी’ हे पुस्तक लिहिले, आणि त्याने असे वेड लावले की पुढच्याच वर्षी राष्ट्रीय तिरंदाजी संघ निघाला. पण ही लाट हिरवळीवरच पसरली व काही वर्षांत ओसरली. अरण्यातले धनुष्य अमेरिकेस पुन्हा भेटले ते ऑगस्ट १९११ मध्ये, कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या एका खाटिकखान्याच्या आवारात. तेथे एक उपाशी, केस जाळून कापलेला इंडियन माणूस सापडला. याही या छोट्या जमातीचा तो शेवटचा माणूस होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८६०च्या दशकात या जमातीची बंदुकांनी कत्तल केली. उरलेली मूठभर माणसे सुमारे चाळीस वर्षे डोंगरकपारीत लपून राहिली आणि एकेक करून संपली. त्याने आपले नाव कधीच कोणास सांगितले नाही, कारण आपले नाव आपणच उच्चारणे त्याच्या लोकांत शिष्टसंमत नव्हते. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर याने त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच : माणूस.

इशीस सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होते आणि तेथे सॅक्स्टन पोप नावाचा शस्त्रवैद्य होता. रोगी पाहावयास म्हणून आलेला हा डॉक्टर इशीचा शिष्य झाला. पर्वतीय ज्युनिपरच्या लाकडाचे, पाठीवर प्राण्याच्या स्नायूंचे तंतू चिकटविलेले आखूड धनुष्य कसे करावे, काळ्या ज्वालामुखी काचेच्या टवक्यांतून बाणाचे टोक कसे घडवावे, हे त्याने इशीजवळ बसून शिकून घेतले. १९१४ च्या मे महिन्यात क्रोबर व पोप इशीला घेऊन त्याच्या डीअर क्रीकच्या जुन्या मुलखात गेले. तेथे इशीने आपली शिकारीची रीत त्यांना करून दाखविली.

ही रीत फोर्डच्या रीतीहून इतकी भिन्न होती की पोपसारख्या इंग्रजी परंपरेतल्या माणसास प्रथम तिचे हसू आले असल्यास नवल नाही. इशी धनुष्य उभे धरीत नसे, शरीरासमोर तिरपे धरी. बाण धनुष्याच्या उजव्या अंगाने जाई. दोरी तीन बोटांनी न खेचता तो आंगठ्याने खेची आणि मधले बोट आंगठ्याच्या नखावर टेकवून त्यास आधार देई. (आंगठ्याने खेचण्याची रीत आशियातही दूरवर होती. एकलव्याच्या कथेतील गुरुदक्षिणेची क्रूरता पूर्णपणे कळावयास हे ध्यानात ठेवणे बरे; तीन बोटांनी खेचणाऱ्या इंग्रजाकडून आंगठा मागून द्रोणांस फारसे काही साधले नसते.) इशी मारताना पसंतीने उकिडवा बसे अथवा गुडघ्यावर असे, कारण झुडपाआड लपणाऱ्या शिकाऱ्यास तीच बैठक सोयीची. हिरवळीवर वर्तुळे काढलेल्या लक्ष्यावर त्याचा नेम पोपच्या मित्रमंडळींपेक्षा सरस नव्हता. परंतु ओठांवर बोटे ठेवून सशाच्या हाकेसारखा आवाज काढीत तो जनावरास वीस-पंचवीस वारांवर आणी, आणि त्या अंतरावर त्याच्या तिरप्या, वाकलेल्या, ओबडधोबड वाटणाऱ्या बैठकीतून सुटलेला बाण आपले काम करी.

इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने वारला. देहाची चिरफाड होऊ नये अशी क्रोबरची स्पष्ट इच्छा असूनही, तो दूर न्यूयॉर्कला असताना शवविच्छेदन झाले व मेंदू वेगळा काढण्यात आला. उरलेल्या देहाबरोबर त्याचे एक धनुष्य व पाच बाण ठेवून दहन झाले. तो मेंदू स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात पडून राहिला आणि २००० साली त्याच्या आप्तजमातींच्या स्वाधीन करण्यात आला. पोपने १९१८ साली ‘याही आर्चरी’ हा प्रबंध व १९२३ साली ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांतील दुसरे वाचून अमेरिकेतील हजारो तरुणांनी धनुष्य हाती घेतले. ज्यांच्या वाडवडिलांनी याहींचा निःपात केला, त्यांच्या नातवंडांस हा छंद त्या जमातीच्या शेवटच्या माणसाने दिला. आम्ही याहून अधिक काही म्हणू इच्छीत नाही. पण धनुष्यशिकारीच्या इतिहासाची पाने उलटताना हे पान आम्हांस घाईने उलटता आले नाही.

पोपच्या वाचकांपुढे कायद्याची अडचण होती. तीही हळूहळू दूर झाली. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली हरणांच्या धनुष्यशिकारीचा स्वतंत्र हंगाम प्रथम जाहीर केला. आल्डो लिओपोल्ड हा थोर वनशास्त्रज्ञ त्या काळी तेथील विद्यापीठात होता. तो स्वतः धनुष्ये घडवी व वापरी. १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटात ज्याने पडद्यामागून बाण मारले तो हॉवर्ड हिल याच पिढीतला. हिलची ढब पाहण्यासारखी आहे : गुडघे किंचित वाकलेले, कमरेतून पुढे झुकलेले शरीर, धनुष्य तिरपे. जणू हिरवळीवरचा ताठ इंग्रज आणि झुडपाआडचा इशी यांची कोणी समजूत घालून दिली आहे.

हा नवा शिकारी झाडावर का चढला? पांढऱ्या शेपटीचे अमेरिकन हरीण नाकाने जगते. जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास वाऱ्यासरशी त्याला कळतो. उंचावरून तो बराचसा त्याच्या डोक्यावरून जातो. शिवाय बंदुकवाल्यास केवळ बोट हलवावे लागते, परंतु धनुष्यवाल्यास ऐन क्षणी दोन्ही हात, खांदे, पाठ सर्व हलवावे लागते. नजरेच्या पातळीवर ही हालचाल लपत नाही. म्हणून प्रथम सोयीची फांदी, मग दोन फांद्यांत ठोकलेल्या फळ्या, आणि पुढे खांद्यावर वाहून नेता येतील अशी धातूची आसने, असा क्रम लागला. आपल्याकडे मचाणाची कल्पना काही नवी नव्हती. इंग्रज शिकाऱ्यांनी तो शब्दच उचलून आपल्या भाषेत नेला, आणि जिम कॉर्बेटने कुमाऊँच्या नरभक्षकांची वाट पाहत किती रात्री झाडावर काढल्या ते १९४४ सालच्या त्याच्या पुस्तकाच्या वाचकांस ठाऊकच आहे. पण तो बंदुकीचा मामला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या मचाणांवरून हत्यार उतरले. मेळघाट व ताडोबा येथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री हौशी मंडळी पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून जनावरांची नोंद करतात, हा त्याचा सोज्वळ उत्तरावतार.

अमेरिकेत १९६० नंतर आणखी एक फेरफार झाला. मिझूरी राज्यातील हॉलेस विल्बर अ‍ॅलन याने कप्प्यांच्या ‘कंपाउंड’ धनुष्याचा शोध लावला. त्याचा अर्ज १९६६ चा व एकस्वाधिकार १९६९ चा. या धनुष्याची दोरी पूर्ण खेचली की कप्प्यांमुळे हातावरचा भार एकदम हलका होतो. शिकारी स्वस्थपणे थांबून नेम धरू शकतो. त्यानंतर साध्या लाकडी धनुष्यास ‘पारंपरिक’ हे विशेषण चिकटले. तोवर त्यास विशेषणाची गरज नव्हती. पारंपरिक धनुष्यवाल्यास ही विश्रांती नाही. दोरी जितकी मागे, तितका भार अधिक, आणि तो क्षणोक्षणी बोटांतून निसटू पाहतो. म्हणून उंचीवर त्याची बैठक चुकली तर ती सावरावयास त्याला वेळ मिळत नाही. मचाणावरील शरीरस्थितीची चर्चा पारंपरिक मंडळींत विशेष का चालते, हे यावरून कळेल.

आता आमच्या पाच बाणांकडे येऊ. उंचावरून मारलेला बाण वर जातो, हा सर्वांचा अनुभव. याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण भूमितीचे देतात : बाणाची घसरण तिरप्या अंतरावर न ठरता आडव्या अंतरावर ठरते, आणि आडवे अंतर नेहमी कमी असते. हे खरे आहे. पण किती खरे आहे ते कागदावर पाहावे. बाण लक्ष्यापेक्षा १८ फूट उंच आणि लक्ष्य झाडापासून ६० फूट दूर असेल, तर तिरपे अंतर होते सुमारे ६२ फूट ८ इंच. म्हणजे अडीच-पावणेतीन फुटांचाच फरक. सेकंदास १६० फूट जाणाऱ्या बाणाच्या बाबतीत यामुळे नेमात दोन-अडीच इंचांचे अंतर पडेल. आमचे बाण भाऱ्यावरून हात-दीड हात उंच गेले. तेव्हा भूमितीवर सर्व जबाबदारी ढकलणे म्हणजे चुकीच्या टिपणीचा दोष शाईवर घालण्यासारखे आहे.

खरा दोष शरीरात असतो. सपाट जमिनीवर चांगला तिरंदाज दोरी खेचून उभा राहिला की त्याचे धड आणि पसरलेल्या दोन्ही हातांची रेषा मिळून काटकोन होतो. खालचे लक्ष्य दिसताच नवशिका सर्वांत सोपी गोष्ट करतो, ती ही की धनुष्याचा हात तेवढा खाली नेतो. काटकोन मोडतो. पुढचा खांदा आत येतो, म्हणून दोरी पूर्ण मागे येत नाही. मध्यम ताकदीच्या धनुष्यात एक इंच कमी खेचले तर दोन-तीन पौंडांचे बळ हरवते. मागची कोपर वर राहते आणि दोरीचा हात गालावरील टेक सोडून खाली घसरतो. आता फोर्ड आठवावा. २८ इंचांच्या बाणाचे शेपूट डोळ्याच्या मानाने अर्धा इंच खाली गेले आणि टोक होते तेथेच राहिले, तर ६० फुटांवर तो बाण सुमारे १३ इंच वर लागेल. भूमितीचे दोन-अडीच इंच आणि टेकेचे तेरा! शिवाय बळ कमी पडल्याने तोच बाण कधी खालीही येतो. म्हणजे चूक एकाच दिशेने होईल एवढीही खात्री नाही. हा दोष पाहून सुधारता येत नाही, कारण प्रत्येक वेळी तो वेगळे रूप घेतो.

उपाय म्हातारबुवांनी सांगितला तोच. प्रथम लक्ष्याकडे न पाहता, जमिनीवर असल्याप्रमाणे समोर आडवी दोरी खेचावी, टेक गालाशी बसवावी, पाठीचे स्नायू ताणलेले आहेत याची खात्री करावी. मग धड, खांदे, हात, धनुष्य हे सर्व एक लाकडी चौकट आहे असे समजून कमरेच्या बिजागरीतून ती चौकट खाली वाकवावी. पाय थोडे अधिक फाकावेत, पुढचा गुडघा मोकळा ठेवावा, म्हणजे वजन बोटांवर एकदम जाऊन तोल जात नाही. सरावलेल्यांस हे दोन टप्पे एका ओघात करता येतात, आणि जनावर समोर असता तसेच करावे लागते. परंतु शिकताना ते सुटे करूनच शिकावेत. लांब सरळ धनुष्याचे खालचे टोक फळीस किंवा मांडीस लागते. म्हणून ते इशीसारखे तिरपे धरावे, किंवा टोके उलट वळलेले आखूड धनुष्य घ्यावे. बसून मारणाऱ्याने धनुष्याच्या बाजूचा खांदा लक्ष्याकडे येईल असे आसनावर आधीच वळून बसावे, कारण बसल्यावर कमरेची बिजागरी आखडते. आणि सर्वांत आधी, झाडास बांधलेला पट्टा अंगावर असावा. वाकून मारणारा माणूस आपला तोल हेतुपुरस्सर पुढे नेत असतो. या छंदातील अनेक मोठे अपघात बाणाने होत नाहीत, पडण्याने होतात. पट्ट्याची दोरी पाठीमागून इतकी सैल असावी की कमर वाकेल, आणि इतकी आखूड असावी की माणूस पडणार नाही. सराव झाडावरच करावा असे नाही. गच्ची, ओटा, उभी केलेली गाडी, काहीही चालते. भारा मात्र प्रथम अगदी जवळ ठेवावा, कारण उतार जितका तीव्र तितका दोष स्पष्ट दिसतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. भारा चुकला तर बाण शोधून आणता येतो. पण ज्यांच्या देशात ही शिकार आजही कायदेशीर आहे, तेथे चुकलेल्या चौकटीचा अर्थ वेगळा होतो. उंचावरून येणारा बाण जनावराच्या शरीरात तिरपा उतरतो. उतार फार तीव्र असेल तर दोहोंपैकी एकच फुप्फुस भेदले जाते आणि हरीण मैलभर रक्त सांडीत जाऊन एखाद्या झुडपात सावकाश मरते. म्हणून जाणते पारंपरिक शिकारी पंचवीस-तीस फुटांच्या उंचीचा मोह टाळून पंधरा फुटांच्या आतबाहेर बसतात. बाण कोठे शिरेल यापेक्षा पलीकडे कोठे बाहेर पडेल त्या बिंदूवर मन ठेवतात. आणि चौकट नीट बसली नाही तर दोरी परत ढिली सोडतात. या शेवटच्या गोष्टीस फार मोठे मनोबल लागते. आम्ही शिकारीचे चाहते नाही आणि होणारही नाही. परंतु जो मारणार आहे त्याने तरी नीट शिकून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

पुढच्या धानकापणीस आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. वाचलेले सर्व म्हातारबुवांस सांगण्याची आम्हांस मोठी उत्सुकता होती, आणि त्यांनी ते विडी ओढीत ऐकूनही घेतले. आंगठ्याने दोरी खेचणाऱ्या इशीची गोष्ट त्यांस पटली. विल्बर अ‍ॅलनच्या कप्प्यांची मुळीच पटली नाही. मग त्यांनी आम्हांस मचाणावर न चढविता सोडलेल्या बैलगाडीवर उभे केले. तेथून पाचांपैकी तीन बाण लागले. तेव्हा कोठे वर जाण्याची परवानगी मिळाली. मचाणावरून दोन बाण भाऱ्यात बसले, एक पलीकडे गेला, आणि दोन भाऱ्याच्या अलीकडेच मातीत रुतले. आम्ही ओशाळून खाली पाहिले, तो म्हातारबुवा प्रसन्न मुद्रेने बाण गोळा करीत होते. गेल्या वर्षी सगळे पलीकडे जात होते, असे ते म्हणाले, आणि पाचही बाण पुन्हा वर देण्यासाठी त्यांनी हात उंचावला.